केपलरच्या आईवरचा चेटकीण खटला

झिपरी:

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज सुट्टी आहे, बाहेर पाऊस आहे, तर बसलेच. मी श्टुटगार्टच्या बाजूला राहते. रोज जी एस-सहा लोकल पकडते तिचं शेवटचं स्टेशन वाइल डेर श्टाट, म्हणजे योहानेस केपलरचं जन्मगाव. ग्रह लंबवर्तुळात फिरतात सांगणारा तोच केपलर. त्याच्या अलीकडे लेओनबेर्ग लागतं. चार वर्षं त्या स्टेशनवरून जातेय पण गेल्या महिन्यात पहिल्यांदा कळलं की याच गावात केपलरच्या आईवर चेटकीण म्हणून खटला चालला होता, आणि थोडाथोडका नाही, सगळं प्रकरण धरून सहा वर्षं! मग जे मिळेल ते वाचत सुटले.

बाईंचं नाव काटारिना. एल्टिंगेनच्या खानावळवाल्याची मुलगी, बाप गावचा प्रमुखही होता. नवरा भाडोत्री सैनिक, लढाया करत फिरायचा, एकदा गेला तो आलाच नाही. हिनं पोरं वाढवली, शेतीवाडी सांभाळली, औषधी पाल्याचे काढे करून लोकांना द्यायची. तोंडाची फटकळ, आणि कुणाच्याही घरात डोकावायची सवय. म्हणजे आपल्या चाळीत अशी एक आजी असायचीच की, सगळ्यांना जरा नकोशी वाटायची पण पोर आजारी पडलं की रात्री तिचंच दार वाजवायचं.

१६१५ साली काचकाम करणाऱ्याची बायको, उर्सुला राइनबोल्ट, हिनं बोभाटा सुरू केला की काटारिनानं मला काहीतरी कडू पाजलं आणि तेव्हापासून मी आजारी आहे. आता खरं भांडण होतं ते उर्सुला आणि काटारिनाचा धाकटा मुलगा क्रिस्टोफ यांचं. हा क्रिस्टोफ कथलाची भांडी ओतायचा. पण उर्सुलाचा भाऊ राजघराण्यातल्या एका राजपुत्राकडे न्हावी-वैद्य होता, आणि गावच्या फोग्टशी (आपला मामलेदार समजा) त्याची बैठक. या फोग्टचं नाव लुथेरुस आइनहोर्न, लक्षात ठेवा, कारण या माणसानं त्याच्या कारकिर्दीत १५ बायकांवर चेटकाचा आरोप ठेवला आणि त्यातल्या ८ जणींना मृत्युदंड झाला.

तर ऑगस्टमध्ये उर्सुलाचा भाऊ आणि आइनहोर्न दारू पिऊन बसलेले, म्हातारीला बोलावून घेतलं, भावानं तलवार उपसली आणि म्हणाला, माझ्या बहिणीवर घातलेलं चेटूक काढ. म्हातारी म्हणाली, मी घातलंच नाही तर काढू कुठून? मला हे उत्तर वाचून शहारा आला, कारण घाबरून तिनं नुसता हात जरी फिरवला असता तरी तोच पुरावा झाला असता. काढता येतं म्हणजे घालताही येतं!

काटारिनाच्या घरच्यांनी मग अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. म्हणजे फिर्यादी हेच होते सुरुवातीला, हे फार कमी ठिकाणी लिहिलेलं असतं. सुनावणी तोंडावर आली आणि पुढच्या वर्षी वीटभट्टीवरच्या विटा नेणाऱ्या पोरी रस्त्यानं चालल्या होत्या, म्हातारी बाजूनं गेली, एकीच्या हाताला तिचा स्पर्श झाला आणि पोरीचा हात दुखायला लागून लुळा पडला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. आणि इथे बाईंनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. आइनहोर्नला चांदीचा पेला देऊ केला, प्रकरण वर कळवू नका म्हणून. झालं. निर्दोष माणूस लाच कशाला देईल?

पुढचं रात्री लिहिते, लेक उठलीये.

दुपारची_झोप:

वाचतेय. पुढच्या भागाची वाट बघते. आणि केपलर तेव्हा कुठे होता? आईची खबर नाही का घेतली?

पाटावरवंटा:

छान विषय. पण हे एक उदाहरण झालं, मोठं चित्र पण द्या. मध्ययुगात चर्चनं युरोपात ९० लाख बायका जाळल्या, त्यातल्या बहुतेक सुइणी आणि वैदू होत्या, कारण पुरुष डॉक्टरांना त्यांचा धंदा हवा होता. हे कुठे शिकवत नाहीत शाळेत.

उंबरठा:

@पाटावरवंटा, शिकवत नाहीत कारण ते तसं झालंच नाही. ९० लाख हा आकडा अठराव्या शतकात क्वेडलिनबुर्गच्या फोग्ट नावाच्या गृहस्थांनी काढला (हे आडनाव, वरचा मामलेदार वेगळा). आपल्या गावातल्या मोजक्या खटल्यांवरून अख्ख्या युरोपाचा आणि कैक शतकांचा गुणाकार करून! आकडेवारीचा इतका सुंदर बट्ट्याबोळ क्वचित बघायला मिळतो. आज अभ्यासक साधारण ४० ते ६० हजार लोकांना मृत्युदंड झाला असं धरतात. तेही भयानकच आहे, त्याला फुगवायची काही गरज नाही.

दुसरं, मध्ययुग नाही. सगळ्यात वाईट काळ १५६० ते १६५०, म्हणजे छापखाने आलेले, विद्यापीठं भरात, गॅलिलिओ दुर्बीण लावून बसलेला. आपल्याकडे मलिक अंबर आणि शहाजीराजांचा काळ. आणि एकट्या चर्चनं नाही, बहुतेक शिक्षा साध्या सरकारी कोर्टांनी दिल्या. कॅथलिक भागातही आणि प्रोटेस्टंट भागातही, त्यात दोघांची एकी होती. केपलरची आई लुथरवाल्या संस्थानातली.

सुइणींचंही तेच. काही होत्या, पण बहुतेक बायका साध्या शेजारणी. मरणाऱ्यांत साधारण तीन चतुर्थांश बायका हे मात्र खरं, आणि आइसलँडमध्ये बरोबर उलटं, तिथे जाळलेले जवळजवळ सगळे पुरुष.

पाटावरवंटा:

ठीक आहे, आकडा मागे घेतो, व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलला होता. पण इन्क्विझिशनला (पाखंड शोधून शिक्षा करणारी चर्चची कोर्टं) सोडून देऊ नका हो एवढं सहज.

उंबरठा:

सोडत नाही, पण स्पेनचं ऐका. १६१० मध्ये लोग्रोन्योला ६ जणांना जिवंत जाळलं आणि आधीच कैदेत मेलेल्या ५ जणांच्या बाहुल्या जाळल्या. त्याच इन्क्विझिशनमधला एक न्यायाधीश, आलोन्सो दे सालाझार, याला ते पटलं नव्हतं. मग तो उत्तर स्पेनच्या बास्क मुलखात खेडोपाडी फिरला, १८०० च्या वर लोकांच्या जबान्या घेतल्या, त्यात बहुतेक लहान पोरं, आणि वर कळवलं की लोक याबद्दल बोलायला आणि लिहायला लागले त्याच्या आधी इथे ना चेटकिणी होत्या ना कुणाला चेटूक झालं होतं. १६१४ मध्ये वरिष्ठ मंडळानं नियम इतके कडक केले की तिथे चेटकाचे खटले जवळपास बंदच झाले. जर्मनीत याच्यानंतर सगळ्यात मोठ्या होळ्या पेटल्या.

बोरकूट:

मग गोव्यातल्या इन्क्विझिशनमध्ये पण चेटकिणी जाळल्या का? आमच्याकडे आजी त्या काळाच्या कायकाय गोष्टी सांगायची.

उंबरठा:

गोव्याचं १५६० ला सुरू झालं. तिथला मुख्य रोख बाटलेल्या लोकांवर होता, घरात गुपचूप जुने सण करतात, जुने देव पुजतात म्हणून. छळ होताच, पण जर्मनीतल्यासारखी चेटकिणींची शिकार हा तिथला विषय नव्हता. वेगळा धागा काढा, भांडायला येतो. :)

झिपरी:

आले. बापरे, एवढे प्रतिसाद! पुढचं सांगते.

@दुपारची_झोप, केपलर तेव्हा ऑस्ट्रियात लिन्झला होता. १६१५ च्या डिसेंबरात बहीण मार्गारेटाचं पत्र आलं तेव्हा त्याला कळलं. पत्र वाचून त्यानं लेओनबेर्गच्या मंडळींना असलं खरमरीत उत्तर धाडलं की विचारू नका. मधे आईला लिन्झला आणून ठेवलं, पण तिला करमेना, परत गेली. म्हाताऱ्या माणसाला घर सोडवत नाही, ते कुठेही असो.

१६२० च्या ७ ऑगस्टला रात्री तिला अटक झाली. ती लेकीकडे होती, जावई हॉयमाडेनला पाद्री. गावभर बोभाटा नको म्हणून शिपायांनी सत्तरी ओलांडलेल्या बाईला कपड्यांच्या पेटीत घालून घराबाहेर काढलं. पेटीत! मी ते वाक्य वाचलं आणि लॅपटॉप बंद करून जरा फेऱ्या मारल्या.

पुढे तिला साखळीनं बांधून ठेवलं, पहाऱ्याला दोन माणसं, आणि त्या पहारेकऱ्यांचा खर्च तिच्याच मालमत्तेतून. धाकट्या क्रिस्टोफला गावात धंदा करायचा होता, त्यानं हात वर केले. खटला इथे नको, दुसरीकडे हलवा म्हणून त्यानं अर्ज केला, म्हणून तिला ग्युग्लिंगेनला नेलं. त्याला शिव्या घालाव्याशा वाटतात, पण त्याला पोरंबाळं होती आणि त्याच बाजारात उभं राहून भांडी विकायची होती. मला नाही घालवत शिव्या.

योहानेस मात्र सगळं सोडून आला. बायकापोरं दुसरीकडे ठेवली आणि वर्षभर इथेच राहिला. सुनावणीच्या नोंदीत कोर्टाच्या कारकुनानं लिहिलंय की कैदी हजर आहे, दुर्दैवाने आपला मुलगा गणिती योहानेस केपलर याच्या मदतीसह. हे 'दुर्दैवाने' कारकुनानं स्वतःच्या मनानं घातलंय हं! चारशे वर्षांनी पण तो वैतागलेला चेहरा दिसतो.

आणि आता माझ्या मते सगळ्यात भारी भाग. केपलरनं कुठेही असं म्हटलं नाही की चेटकिणी वगैरे काही नसतात. एका शब्दानं नाही. त्यानं ट्युबिंगेनच्या क्रिस्टोफ बेझोल्ड नावाच्या वकील मित्राच्या मदतीनं कैफियत लिहिली, शंभरावर पानं, बरीचशी स्वतःच्या हातानं, आणि एकेक आरोप घेऊन सोलून काढला. पोरीचा हात? ती झेपणार नाहीत एवढ्या विटा उचलत होती. शाळामास्तर लंगडा झाला तो हिच्या वाइनमुळे? तो तर चर उडी मारून ओलांडताना पडला होता. उर्सुला? तिनं आधीच भलतीसलती औषधं घेतली होती. हा साक्षीदार काय ऐकीव सांगतोय, त्या साक्षीदारानं पहिल्या जबानीत काय म्हटलं होतं आणि आता काय म्हणतोय. मंगळाच्या कक्षेचे आकडे तपासावेत तसं.

त्या शाळामास्तरची एक गोष्ट. तो केपलरचा शाळासोबती. काटारिनाला वाचता येत नव्हतं, तर मुलाची पत्रं घेऊन ती त्याच्याकडे जायची, तो वाचून दाखवायचा, ही त्याला वाइन पाजायची. तीच वाइन आरोपपत्रात गेली.

काळी_चार:

अफाट लिहिलंय ताई. वडिलांच्या कवटीचा काहीतरी किस्सा पण होता ना?

झिपरी:

हो हो, तो राहिला. एका प्रवचनात तिनं ऐकलं की पूर्वीचे लोक नातेवाइकांच्या कवटीचे पेले करत. हिला वाटलं वा, म्हणून कबर खणणाऱ्याला जाऊन म्हणाली, माझ्या वडिलांची कवटी काढून दे, चांदीत मढवून योहानेसला पेला करून देते. आता बोला! केपलरनं तेही कोर्टात नीट समजावलं, पण मनात कपाळाला हात लावला असणार.

आणखी एक आरोप म्हणजे चौकशीत ती रडली नाही. चेटकिणीला अश्रू येत नाहीत म्हणे. तर ती म्हणाली, आयुष्यात एवढं रडलेय की आता अश्रूच उरले नाहीत.

कटकट_काका:

हे सगळं वाचून एकच वाटतं, ज्यांनी आपल्याला रानटी म्हटलं ते स्वतः काय होते बघा. आपल्याकडे स्त्रीला देवी मानत होते तेव्हा हे लोक बायका जाळत होते.

माळरान:

काका, राहू द्या. माझं आजोळ सातपुड्याच्या पायथ्याला. तिकडे डाकीण हा शब्द आजही हळू आवाजात बोलतात. आईच्या लहानपणी शेजारी एक एकटी विधवा होती, तिच्या वाटणीच्या दीड एकरावर दिराचा डोळा. एकाची म्हैस दूध देईना, तर भगतानं हिचं नाव घेतलं. पुढचं मी इथे लिहीत नाही. ती गाव सोडून गेली एवढं सांगतो. जमीन कुणाकडे गेली ते ओळखा.

महाराष्ट्रात २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा झाला, दाभोलकरांच्या खुनानंतर. त्याच्या अनुसूचीत एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवते असं सांगून तिला त्रास देणं हा गुन्हा आहे. दूध आटवणं! कायदा लिहिणाऱ्याला गाव माहीत होतं. आणि झिपरीताई, तुमच्या जर्मनीत पण गाईच्या दुधाचे आरोप असणारच.

झिपरी:

@माळरान, असतातच, ढिगानं. गाईचं दूध, न लागणारं लोणी, मेलेलं वासरू. काटारिनाच्या आरोपांत पण जनावरं आहेत. तुमच्या आजोळच्या बाईंबद्दल वाचून काही सुचत नाही.

कटकट_काका:

माझा मुद्दा वेगळा होता. असो.

काळी_चार:

हवामानाबद्दल कुणी बोललंच नाही. तो काळ छोट्या हिमयुगाचा, म्हणजे युरोपात थंडी वाढलेली शतकं. १५६२ च्या ऑगस्टमध्ये श्टुटगार्टच्या परिसरात भयंकर गारपीट झाली, द्राक्षमळे झोपले, आणि पुढच्या वर्षी जवळच्या वीझनश्टाइगमध्ये ६३ बायका जाळल्या. १६२६ च्या मे महिन्यात जर्मनीतल्याच फ्रांकोनियात ऐन फुलोऱ्यात दहिवर पडून वेली काळ्या पडल्या, लगेच बाम्बेर्ग आणि व्युर्ट्सबुर्गमध्ये शेकड्यांनी माणसं मारली. नाशिककडच्या द्राक्षवाल्याला विचारा एका गारपिटीनं काय होतं ते.

उंबरठा:

हे पटतं पण अर्धंच. गारा सगळीकडे पडल्या, जाळपोळ सगळीकडे नाही झाली. त्या गारपिटीच्या आधीच ब्रेन्ट्स नावाच्या लुथरवाल्या धर्मगुरूनं सांगितलं होतं की गारा देव पाडतो, चेटकिणी नाही. तरी वीझनश्टाइग झालंच.

झिपरी:

मला वाटतं गारपीट राग देते, नाव-पत्ता देत नाही. पत्ता शेजारी देतो, आणि मग प्रश्न असा की तो पत्ता घेऊन जाल त्या कचेरीत कोण बसलंय. सम्राट पाचव्या चार्ल्सचा १५३२ चा फौजदारी कायदा होता, कारोलिना म्हणतात त्याला. त्यात चेटकानं नुकसान केलं तर जाळायची शिक्षा आहेच, पण यातना द्यायच्या आधी पुरेसा संशय हवा, आणि अडचण असेल तिथे कायद्याच्या जाणकारांचा सल्ला घ्या असंही आहे. जिथे हा नियम पाळला तिथे कागद विद्यापीठात जायचे, वेळ लागायचा, माणूस वाचायची शक्यता असायची. जिथे राजानं 'हा गुन्हाच वेगळा आहे, याला नेहमीचे नियम नकोत' म्हटलं तिथे संपलं.

काटारिनाचे कागद ट्युबिंगेनला गेले. विद्यापीठानं सांगितलं, पुरावा कमी आहे, यातना देऊ नका, पण हत्यारं दाखवून घाबरवा. सप्टेंबर १६२१ मध्ये तिला त्या खोलीत नेलं. जल्लादानं एकेक वस्तू दाखवून ती काय करते ते सांगितलं. चौऱ्याहत्तरची बाई, वर्षभर साखळीत. म्हणाली, माझ्या अंगातून एकेक शीर उपटून काढलीत तरी कबूल करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. गुडघ्यावर बसली आणि प्रार्थना म्हणाली. ऑक्टोबरात सोडलं. लेओनबेर्गला परत जायची सोय नव्हती, आलीस तर मारू म्हणत होते लोक. १६२२ च्या एप्रिलमध्ये वारली.

दुपारची_झोप:

सुटली तरी काय सुटली मग.

पाटावरवंटा:

आणि ज्यांचा मुलगा केपलर नव्हता त्यांचं?

झिपरी:

@पाटावरवंटा, त्यासाठी बाम्बेर्गचं उदाहरण. तिथे राजा आणि बिशप एकच माणूस, फुक्स फॉन डोर्नहाइम. १६२७ मध्ये त्यानं खास चेटकीण-तुरुंग बांधला. तिथे अडकलेल्यांत बायका होत्याच, पण गावचा मेयर योहानेस युनियुसही होता. म्हणजे पैसा, पद, पुरुष असणं, कशाचा उपयोग झाला नाही. १६२८ च्या २४ जुलैला त्यानं तुरुंगातून मुलगी वेरोनिकाला चोरून पत्र लिहिलं, ते आजही आहे. बोटं शिकंज्यात चिरडलेली, म्हणून पत्र लिहायला कित्येक दिवस लागले असं तोच लिहितो.

त्यात आहे की जल्लादच त्याला विनवत होता, साहेब, देवासाठी काहीतरी कबूल करा, खरं असो वा खोटं, काहीतरी रचा, नाहीतर हे एकामागून एक यातना देत राहतील. मग त्यानं रचलं. तेवढ्यानं भागलं नाही, सैतानाच्या मेळाव्यात आणखी कोण दिसलं ते सांग. म्हणाला, मी कुणाला ओळखलं नाही. तर कोर्टानं रस्ते घेतले. बाजारापासून सुरुवात कर, या गल्लीतून जा, त्या गल्लीतून ये, प्रत्येक रस्त्यावरची नावं दे. आपल्याच गावात, ज्याचा तो मेयर होता, मनातल्या मनात घरं मोजत चालला असेल.

पत्राच्या कडेला बारीक अक्षरात आणखी एक मजकूर आहे. सहा जणांनी त्याचं नाव घेतलं होतं, त्या सहाही जणांची नावं तिथे लिहिलीत. आणि पुढे लिहिलंय की त्यांच्याकडून ते जबरदस्तीनं वदवून घेतलं होतं, मारायच्या आधी त्यांनी देवाच्या नावानं माझी माफी मागितली.

दुपारची_झोप:

मुलीला पत्र मिळालं का?

झिपरी:

कोर्टाच्या कागदांत सापडलं ते.